युद्धपदक अस्सल की बनावट: धातू, नाव आणि कागद

पुण्यात युद्धकाळातली पदके दोन वाटांनी माणसाच्या हातात येतात. एक वाट घरातल्या ट्रंकेची. पणजोबा किंवा आजोबा फौजेत होते, आणि त्यांच्या मागे पेन्शनच्या कागदांखालून रंग विटलेल्या फितीचे दोन-तीन बिल्ले निघतात. दुसरी वाट बुधवार-रविवारच्या जुन्या बाजाराची, नाण्यांच्या प्रदर्शनांची, आणि अलीकडे मोबाइलवर फोटो पाठवून होणाऱ्या सौद्यांची. दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला जातो: हे खरे आहे का? या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यापासून, मग तो विक्रेता असो वा जाणकार, जरा सावध राहावे, कारण त्यात तीन निरनिराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे नेहमी सारखी येत नाहीत.

पहिला प्रश्न वस्तूचा: हा धातूचा तुकडा त्या काळी सरकारी टाकसाळीत किंवा सरकारने नेमलेल्या कारागिराकडे घडला आहे का? दुसरा नावाचा: त्यावर नाव असेल तर ते पदक देतानाच घातलेले आहे की नंतर कोणी बदलले आहे? तिसरा हक्काचा: त्या नावाच्या माणसाला हे पदक खरोखर मिळाले होते का? जमीन घेताना शेत डोळ्यांनी पाहणे वेगळे आणि सातबारा व फेरफार तपासणे वेगळे, तसाच हा प्रकार आहे. माझे मत असे की आपल्याकडे फसवणूक होते ती बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नावर. अख्खे पदक नकली बनवण्यात खर्च आणि धोका असतो. उलट अस्सल, पण फारशी मागणी नसलेले पदक घेऊन त्यावरचे नाव बदलले, किंवा त्याच्या शेजारी एखादे न मिळालेले पदक टाचले, की किंमत अनेक पटींनी वाढते आणि वस्तू पाहणाऱ्याला सगळे जुनेच दिसते.

म्हणून आधी समोरचे पदक कोणत्या जातीचे आहे हे ओळखावे. ढोबळमानाने दोन जाती आहेत. मोहिमेत किंवा युद्धकाळात ठरावीक ठिकाणी सेवा केली म्हणून सर्वांना मिळणारी सेवापदके ही एक, आणि विशिष्ट कृत्यासाठी एका व्यक्तीला मिळणारी शौर्यपदके ही दुसरी. पहिल्या महायुद्धातले १९१४-१५ स्टार, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल, तसेच दुसऱ्या महायुद्धातले बर्मा स्टार, आफ्रिका स्टार, इटली स्टार, वॉर मेडल आणि इंडिया सर्व्हिस मेडल ही सेवापदके. ती फार मोठ्या संख्येने दिली गेली. व्हिक्टोरिया क्रॉस, इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, १९०७ साली सुरू झालेले इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल, मिलिटरी क्रॉस ही शौर्यपदके. घरोघरी 'आजोबांचे शौर्यपदक' म्हणून दाखवले जाते ते बरेचदा बर्मा स्टार असते. त्यात कमीपणा काही नाही, पण तपासाची दिशा मात्र पूर्ण बदलते. सेवापदकाच्या बाबतीत पहिला संशय नावावर घ्यावा. शौर्यपदकाच्या बाबतीत सगळ्याच गोष्टींवर घ्यावा.

आता धातू. टाकसाळीत पदक पाडले जाते, म्हणजे पोलादी ठशांमध्ये ठेवून प्रचंड दाबाखाली त्यावर आकृती उमटवली जाते. बनावट करणारा बहुधा अस्सल पदकाचा साचा घेऊन त्यात धातू ओततो. दोन्हींतला फरक दहापट भिंगाखाली दिसतो. पाडलेल्या पदकाची सपाट जागा घट्ट आणि गुळगुळीत असते, अक्षरांच्या कडा जिथे पृष्ठभागाला मिळतात तिथे रेषा स्वच्छ असते, राजाचे केस किंवा घोड्याची आयाळ सुटी सुटी दिसते. ओतीव पदकावर बारीक दाणे, सुईच्या टोकाएवढी छिद्रे आणि कधीकधी कडेवर साच्याच्या दोन भागांचा सांधा दिसतो. तो सांधा कानशीने घासला असेल तर घासल्याच्या रेघा दिसतात. शिवाय थंड होताना धातू आक्रसतो, त्यामुळे ओतीव प्रत मूळ पदकापेक्षा किंचित लहान भरते. ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल या दोघांचा व्यास ३६ मिलिमीटर आहे. व्हर्नियर कॅलिपरने तो वेगवेगळ्या दिशांनी मोजावा. अर्धा-पाऊण मिलिमीटर कमी भरला तर एक तर पदक ओतीव आहे, किंवा कड घासली गेली आहे. दोन्ही शक्यता वाईटच.

ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे असते. मात्र मजूर तुकड्यांतल्या अनेकांना, त्यांत भारतीयही आले, ते ब्राँझचे दिले गेले. त्यामुळे ब्राँझचे दिसले म्हणून लगेच नकली म्हणू नये. चांदीची खात्री करण्यासाठी कसोटीचा दगड आणि ॲसिड अजिबात वापरू नये, कारण त्याचा डाग कायमचा राहतो. पेढीवर सोन्याची शुद्धता तपासणारे यंत्र असते, ज्याला बाजारात कॅरेट मीटर म्हणतात; ते एक्स-किरणांच्या साहाय्याने पृष्ठभागावरचा धातू सांगते आणि पदकाला इजा करत नाही. त्याची मर्यादा अशी की वरून चांदीचा मुलामा असेल तर ते यंत्र बऱ्याच अंशी मुलाम्याचेच उत्तर देते. म्हणून जोडीला पाण्यातले वजन घ्यावे. फीत काढून ठेवावी, पदक सोनाराच्या काट्यावर हवेत तोलावे, मग दोऱ्याने टांगून, भांड्याला न टेकवता, पाण्यात पूर्ण बुडवून पुन्हा तोलावे. हवेत ३१ ग्रॅम भरणारे चांदीचे पदक पाण्यात साधारण ३ ग्रॅमने हलके भरते. तेवढ्याच वजनाचे तांबे-निकेलचे पदक साधारण साडेतीन ग्रॅमने हलके भरते. अर्ध्या ग्रॅमचा हा फरक सोनाराच्या काट्याला सहज कळतो. दुसऱ्या महायुद्धातले वॉर मेडल मात्र मुळातच तांबे-निकेलचे आहे (कॅनडाने आपल्या सैनिकांना ते चांदीत दिले), तेव्हा ते चांदीचे नाही म्हणून निराश होऊ नये.

याच युद्धातले स्टार सहा टोकांचे, पिवळसर मिश्रधातूचे असतात. मध्ये सहाव्या जॉर्जची राजमुद्रा, वर मुकुट आणि भोवतीच्या वर्तुळात पदकाचे नाव असते. मागची बाजू कोरी असते. नकली स्टारवर मुकुटातले मणी एकमेकांत मिसळलेले दिसतात आणि नावाची अक्षरे बुटकी, गोलसर वाटतात. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही पदके लंडनला पाडली गेली, काही कलकत्त्याच्या टाकसाळीत, आणि दोन्हींत दांडीची, म्हणजे पदक फितीला अडकवणाऱ्या भागाची, घडण किंवा उठावाची खोली यांत थोडा फरक असतो. पुस्तकातल्या चित्राशी तंतोतंत जुळत नाही म्हणून पदक बाद ठरवणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. अशा वेळी त्याच टाकसाळीचे, खात्रीचे दुसरे पदक शेजारी ठेवून पाहणे हाच उपाय आहे.

फितीवर फार भरवसा ठेवू नये. कापूस आणि रेशीम ऐंशी-शंभर वर्षांत जीर्ण होते, आणि निवृत्त सैनिक परेडला जाताना नवी फीत लावून घेत. अतिनील प्रकाशाच्या छोट्या टॉर्चखाली नवी फीत किंवा दोरा निळसर-पांढरा झळाळतो, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर कापडात आणि साबणात उजळपणा आणणारी रसायने सर्रास वापरली जाऊ लागली. त्यावरून फीत नवी आहे एवढेच सिद्ध होते. उलट फीत जुनी आहे म्हणून पदक जुने आहे, असेही होत नाही.

नावाकडे मात्र जास्तीत जास्त वेळ द्यावा. पहिल्या महायुद्धातल्या गोल पदकांच्या कडेवर आणि १९१४-१५ स्टारच्या कोऱ्या पाठीवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण घातलेली असे. हे नाव बहुधा एकेका अक्षराचा पोलादी ठसा मारून उमटवले जाई. ठसा मारताना धातू नाहीसा होत नाही, तो बाजूला सरकतो, म्हणून प्रत्येक अक्षराभोवती अगदी बारीक उंचवटा राहतो, जो वापराने कालांतराने बोथट होतो. कोरणीने कोरलेल्या अक्षरात धातू खरवडून काढलेला असतो. खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी उतरती असते आणि रेघेच्या शेवटी कोरणी उचलल्याची टोकदार खूण राहते. लेझरने केलेल्या नावाची खोली सर्वत्र सारखी असते आणि कडा भाजल्यासारख्या दिसतात. ज्या पदकावर ठसे असायला हवेत तिथे कोरीव नाव असेल, तर ते नंतरचे असण्याची शक्यता मोठी.

जुने नाव घालवण्यासाठी कड घासावी लागते, आणि घासलेली कड लपत नाही. पदक आडव्या प्रकाशात हळूहळू फिरवावे. नावाची जागा बाकीच्या कडेपेक्षा किंचित खोलगट दिसते, आधीच्या अक्षरांचे पाय कुठेतरी उरलेले असतात, आणि कॅलिपरचे माप त्या ठिकाणी घटते. झीजही तपासावी. राजाचा गाल आणि घोड्याची मांडी गुळगुळीत झाली आहे, पण नावाची अक्षरे कालच मारल्यासारखी धारदार आहेत, असे असेल तर त्या दोघांचे वय एक नाही. मात्र कुशल ओतकाम करणारा अस्सल नावासकट पदकाचा साचा घेऊ शकतो, म्हणून बरोबर दिसणारे नाव मऊ आणि दाणेदार असेल तर पुन्हा धातूच्या प्रश्नाकडे वळावे.

नावाचा मजकूरही बोलका असतो. पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा क्रमांकांनी ओळखल्या जात. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बटालियन झाल्या, उदाहरणार्थ ११० वी पलटण तिसरी बटालियन बनली. त्यामुळे मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकमधल्या) सेवेसाठी मिळालेल्या १९१४-१५ स्टारवर नव्या रचनेचे नाव दिसले तर थांबावे. त्या काळी इंग्रजीत 'मराठा' लिहिताना मध्ये एच घालत (Mahratta). आजच्या पद्धतीने लिहिलेले नाव जुन्या पदकावर संशय वाढवते. याउलट सैनिकाच्या नावातल्या चुकांना घाबरू नये. जाधवचे जाधाव, शिंदेचे सिंधे, कधी आडनावच गायब, हे सगळे अस्सल पदकांवर सापडते, कारण भरतीच्या वहीत कारकुनाच्या कानाला ऐकू आले तसे नाव लिहिले जाई. सफाईने लिहिलेले, आजच्या आधार कार्डासारखे संपूर्ण नाव पाहिले की मला उलट शंका येते. क्रमांकाबाबतही जपून असावे. त्या काळी तो पलटणीचा असे, म्हणून एकच क्रमांक दोन पलटणींत दोन वेगळ्या माणसांचा असू शकतो.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची सेवापदके नावाविना दिली गेली, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेने मात्र आपल्या सैनिकांची नावे घातली. भारतीय सैनिकांची पदके नावासह आणि नावाविना अशी दोन्ही पाहायला मिळतात. नाव नसलेला बर्मा स्टार म्हणूनच नकली ठरत नाही. पण तो अमुक सुभेदारांचाच होता हे त्या पदकावरून कधीही सिद्ध होणार नाही. विक्रेता त्याच्यासोबत एखादी कहाणी देत असेल तर पैसे पदकाचे द्यावेत, कहाणीचे देऊ नयेत.

एकाच पट्टीवर टाचलेल्या पदकांच्या संचाला हक्काचे नियम लावून पाहणे हा सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय आहे. १९१४ स्टार आणि १९१४-१५ स्टार ही दोन्ही पदके एकाच माणसाला मिळत नसत. बर्मा स्टार आणि पॅसिफिक स्टार या दोन्हींना पात्र ठरणाऱ्याला आधी मिळवलेला स्टार आणि त्याच्या फितीवर दुसऱ्याच्या नावाची आडवी पट्टी, म्हणजे क्लास्प, मिळे. त्यामुळे एकाच संचात हे दोन्ही स्टार असतील तर तो संच नंतर कोणी तरी जुळवला आहे. व्हिक्टरी मेडल कोणाला एकटे मिळत नसे. ते एकटेच सापडले तर बाकीची पदके कुठेतरी वेगळी झाली. यामागे एक साधे कारणही आहे. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे असल्याने चांदी महागली की ते आटणीत जाई आणि ब्राँझची भावंडे मागे राहत. क्लास्पचे रिवेटही पाहावेत. काढून पुन्हा बसवलेल्या पट्टीच्या रिवेटवर हातोडीचे ताजे घाव किंवा डाग दिलेला दिसतो.

शौर्यपदकांच्या बाबतीत खरा निर्णय कागदच देतो. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६ पासून आजवर १,३५८ वेळा दिला गेला आणि प्रत्येकाची नोंद आहे. भारतीय सैनिक त्यासाठी १९११ पासून पात्र ठरले. यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ रोजी इटलीत केलेल्या पराक्रमासाठी मरणोत्तर आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी केलेल्या पराक्रमासाठी हा क्रॉस मिळाला. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सशी, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या तुकडीशी, संबंधित प्रेमिंद्रसिंह भगत यांना तो १९४१ साली ॲबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) आघाडीवरील कामगिरीसाठी मिळाला. अस्सल क्रॉसच्या पाठीवर मध्यभागी पराक्रमाची तारीख आणि वरच्या पट्टीच्या मागे हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. असा क्रॉस पथारीवर दिसला तर भिंग काढायचीही गरज नाही. तो प्रदर्शनासाठी किंवा हौसेखातर केलेली प्रत आहे असेच धरून चालावे. मिलिटरी क्रॉसची गोष्ट अवघड आहे, कारण पाचव्या जॉर्जच्या काळातले क्रॉस अधिकृतपणे नावाविना दिले जात. १९३७ नंतर खालच्या भुजेच्या पाठीवर वर्ष कोरण्याची पद्धत आली. नावाशिवायचा क्रॉस म्हणजे कोणाचाही क्रॉस, आणि तिथे सोबतच्या कागदांवाचून व्यक्ती सिद्ध होत नाही.

ब्रिटिश काळातल्या शौर्यपदकांच्या घोषणा राजपत्रांत छापल्या जात. लंडन गॅझेटचे जुने अंक इंटरनेटवर विनामूल्य शोधता येतात, आणि गॅझेट ऑफ इंडियाचे अंक मोठ्या ग्रंथालयांत व अभिलेखागारांत असतात. सेवापदके मात्र राजपत्रात येत नाहीत, हे न कळल्याने पुष्कळ घरांत उगाच निराशा होते. सैनिक युद्धात मरण पावला असेल तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर क्रमांक, पलटण, तारीख आणि पुष्कळदा वडिलांचे नाव व गावही मिळते. खडकीची युद्ध दफनभूमी याच आयोगाच्या देखभालीखाली आहे. तिथल्या पहिल्या महायुद्धाच्या स्मारकावर अठराशेहून अधिक नावे आहेत. इंडिया ऑफिसचे, म्हणजे लंडनहून भारताचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश खात्याचे, दप्तर ब्रिटिश लायब्ररीत आहे. आणि सर्वांत जवळचा पुरावा घरातच असतो: डिस्चार्जचे पुस्तक, पेन्शनचा हुकूम, जंगी इनामाचा कागद. ट्रंकेतून पदक निघाले की लोक पदक उचलतात आणि कागद रद्दीत देतात, याची मला फार चीड येते. कागदही बनावट असू शकतात हे खरे, पण तिथे पदकावरचा क्रमांक, कागदावरचा क्रमांक आणि सरकारी नोंद या तिघांचा मेळ घालता येतो.

स्वातंत्र्यानंतरच्या पदकांना हेच नियम लागतात. परमवीर चक्र, महावीर चक्र आणि वीर चक्र यांची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि ती १५ ऑगस्ट १९४७ पासून लागू धरली गेली. परमवीर चक्राची रचना सावित्री खानोलकर यांची. ते ब्राँझचे, त्यावर चार वज्रे आणि मध्ये राजमुद्रा, फीत सलग जांभळी. आजवर ते एकवीस जणांना मिळाले आहे, त्यांत बॉम्बे सॅपर्सचे राम राघोबा राणे हेही आहेत. महावीर चक्राची फीत अर्धी पांढरी, अर्धी केशरी. वीर चक्राची अर्धी गडद निळी, अर्धी केशरी. ही दोन्ही पदके चांदीची. चौकटीत बसवून भेट द्यायच्या प्रतिकृती हलक्या मिश्रधातूच्या असतात आणि त्यांच्या कडेवर नाव नसते. १९७१ च्या संग्राम मेडलसारख्या सेवापदकांच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक आणि नाव सापडते. या काळातल्या शौर्यपदकांची यादी संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते, म्हणून इथे फसण्याला निमित्त फारसे उरत नाही.

प्रत आणि फसवणूक यांत फरक केला पाहिजे. मूळ पदके लॉकरमध्ये ठेवून समारंभाला घालण्यासाठी प्रतींची जोड करून घेण्याची रीत फौजेत जुनी आहे, आणि मेसच्या पोशाखावर लावायची लहान आकाराची पदके तर वेगळीच बनवून घेतात. आजोबांच्या पेटीतली प्रत म्हणजे आजोबांचा खोटेपणा नव्हे. मूळ पदक हरवलेही असेल. जर्मन आयर्न क्रॉस मात्र भारतात बहुतांश वेळा हौसेच्या बाजारातून येतो. दोन्ही महायुद्धांतल्या अस्सल क्रॉसचा गाभा सहसा काळ्या लोखंडाचा असतो आणि त्याभोवती चांदीची दोन भागांची चौकट डागलेली असते. लोहचुंबक गाभ्याला चिकटावा, आणि गाभा व चौकट यांमधली फट भिंगाखाली दिसावी. एकाच तुकड्यात ओतलेला क्रॉस लगेच ओळखू येतो. बिनलोखंडी गाभ्याचे काही अस्सल क्रॉसही आहेत, म्हणून एकट्या चुंबकावर निकाल देऊ नये.

पदक हाती आले की ते घासू नये. पितळी भांडी उजळणारी पावडर आणि चिंच यांनी शंभर वर्षांचा थर पाच मिनिटांत जातो, आणि त्याबरोबर झिजेचा सगळा पुरावाही जातो. दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि दांडीचे फोटो आडव्या प्रकाशात काढावेत, व्यास आणि वजन लिहून ठेवावे. विकत घेताना पावतीवर नुसते 'जुने मेडल' असे न लिहिता पदकाचे नाव, धातू, कडेवरचा संपूर्ण मजकूर, आणि नाव मूळचे नसल्याचे निष्पन्न झाल्यास परत घेण्याची अट लिहून घ्यावी. जो विक्रेता हे लिहून देत नाही त्याने दुसऱ्या, म्हणजे नावाच्या, प्रश्नाचे उत्तर दिलेलेच असते. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पहिल्या महायुद्धातली पदके आता त्या वयाची झाली आहेत. त्यामुळे परदेशातल्या लिलावात चांगला भाव येतो असे सांगून कोणी पणजोबांचे पदक कुरियरने मागवत असेल, तर ते पाठवण्याआधी पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करावी.